परत द्यायची भांडी

आमच्या गल्लीत कुणाचं भांडं रिकामं परत करायची पद्धत नव्हती. शेजारणीनं वाटीभर कढी पाठवली, तर तिची वाटी घासून-पुसून, तिच्यात काही ना काही घालूनच परत जायची. काहीच नसेल तर मूठभर शेंगदाण्याचं कूट, गेला बाजार साखरेची चिमूट. आम्ही लिंगायत, घरात निम्मं कानडी बोलणारे. डावीकडच्या नरसम्मा तेलुगू, त्यांचे मालक चादरीच्या कारखान्यात मागावर आणि त्या स्वतः दिवसभर उंबऱ्यात बसून विड्या वळायच्या. उजवीकडच्या पाटलाच्या काकू मूळच्या वळसंगच्या. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात तशा आमच्या गल्लीत घरोघरी भाषाही वेगळ्या होत्या, पण भांड्याचा नियम सगळ्यांचा एकच. त्यातून सूट फक्त एका घराला. जिथं मयत झालंय तिथं चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेऊन देतात, आणि त्या घरातली भांडी मात्र रिकामीच परत येतात. दुःखाच्या घरातून भरलेलं भांडं घ्यायचं नसतं. हे सगळं मला फार लवकर पाठ झालं, कारण भांडी पोचवायचं काम माझं होतं. भांड्यांवर नावं घातलेली असायची आणि मंगलला, म्हणजे मला, वाचायला शाळेच्या आधी भांड्यांनी शिकवलं असं माझी आई सांगायची. आईला आम्ही अव्वा म्हणत असू आणि वडिलांना अप्पा.

अव्वा सातवी शिकलेली होती. त्या काळात आमच्या गल्लीत हे जरा जास्तच होतं आणि ते तिला कुणी विसरू देत नसे. काकूंना गावाकडून पत्र आलं की त्या अव्वाकडंच यायच्या, आणि पत्र वाचून झालं की म्हणायच्या, "शिकून काय करायचंय म्हणा बाईला, पण असं बरं पडतं की." त्या वर्षी एका संस्थेनं बालवाड्या काढायचं ठरवलं आणि शिकवणाऱ्या बायका तयार करण्यासाठी करकंबला शिबिर ठेवलं. पहिला पंधरवडा, मग मध्ये एक आठवडा सुट्टी, मग दुसरा पंधरवडा. दोन्ही पुरे केले तरच बालवाडी मिळणार. अव्वानं अप्पांना कसं तयार केलं ते मला माहीत नाही. एवढं आठवतं की ती तेव्हा भाकऱ्या थापताना गाणं गुणगुणायची. ती गुणगुणते हे मला तोवर माहीतच नव्हतं. अप्पा कापडाच्या दुकानात गिऱ्हाईकांना साड्या दाखवायचं काम करत. बोलायला गोड. नको असलेली साडीही बाई हसत घेऊन जायची, असा त्यांचा लौकिक. त्यांनी दुकानातून रजा काढली आणि ती काढल्याचं नळावर, चहाच्या टपरीवर, देवळात, सगळीकडं सांगून आले. अव्वा एसटीत बसायच्या आधीच गल्लीला कळलं होतं की महादेवीबाईंचे मालक पोरांसाठी घरी बसणार.

उन्हाळ्याची सुट्टी होती. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. सकाळी केलेलं वरण दुपारी आंबतं आणि पत्र्याखाली बसलं की डोक्याचं माडगं होतं. मागांची खटखट चालूच असायची, ती थांबली तरच आम्हाला जाग यायची. माझा भाऊ बसू तेव्हा दीडेक वर्षांचा असेल, नुकतं कुठं अंगावरचं दूध सुटलं होतं. अव्वानं जाताना त्याचे धुतलेले लंगोट घडी करून फळीवर ठेवले, दूध कधी तापवायचं, भाताची पेज किती पातळ करायची, हे अप्पांना सांगितलं. अप्पा "व्हय व्हय" म्हणत होते. मग ती माझ्याकडं वळली आणि तेच सगळं पुन्हा मला सांगितलं. मी तेव्हा मान डोलावली. आज वाटतं, तिला सगळं आधीच ठाऊक होतं.

सकाळी नळाला पाणी आलं की अप्पा दारात लाकडी खुर्ची टाकायचे. खांद्यावर पंचा, मांडीवर बसू, आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळ्या पेठेचा संसार यांच्याच डोक्यावर आहे. घागरी घेऊन बायका रांगेत उभ्या, आणि अप्पा बसूच्या टाळूवरून हात फिरवत म्हणणार, "लई अवघड हाय बघा पोरं सांभाळणं. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाय." रात्रभर त्यांच्या घोरण्यानं मला झोप नसायची ती वेगळी. बायका हळहळायच्या. "असा नवरा मिळाया नशीब लागतं की," असं काकू म्हणायच्या. त्यांच्या मालकांनी उभ्या जन्मात स्वतःचं पोर कडेला घेतलं नव्हतं, म्हणून त्यांना आमचे अप्पा देव वाटत. पाणी गेलं, बायका पांगल्या, की देव उठायचे, बसूला माझ्या पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "ए, बघ गं ह्याच्याकडं." आणि टपरीवर जायचे ते ऊन उतरल्यावर परत.

जेवणाची ददात नव्हती. दुपार झाली की एकेक भांडं दारात यायचं. नरसम्मांकडून चिंचेचा पिवळा भात, काकूंकडून धपाटी, झुणका, शेंगाची आमटी, समोरच्या वाड्यातून खिचडी, कोपऱ्यावरून ताकाचा तांब्या. "भाऊजी, तुमी काय करून खाणार," असं म्हणत बायका भांडं ठेवून जायच्या. अप्पा प्रत्येकीला हात जोडायचे, कुणाला नाही म्हणायचे नाहीत. आम्ही तीन माणसं, त्यात एक दीड वर्षाचं, आणि जेवण बारा जणांचं. खाऊन व्हायचं ते व्हायचं आणि उरलेलं त्याच भांड्यात, तिथंच, चुलीच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरं भांडं. आमटीवर आधी बुडबुडे आले, मग पांढरी साय धरल्यासारखं काहीतरी, मग त्यावर हिरवी-काळी लव. भाताचा गोळा तळाला चिकट होऊन सुटेना. झाकण उघडलं की चिलटं तोंडावर यायची. रात्री दिवा लावला की झुरळं भांड्यांच्या कडांवरून निवांत फिरायची, जणू त्यांच्याच नावानं आलेलं जेवण. मोरीत त्याहून वाईट होतं. बसूचे घाण झालेले लंगोट अप्पांनी एका बादलीत टाकायला सुरुवात केली आणि वरून परात झाकली. बादली भरली तसं वर पाणी ओतलं. मोरीत पाय टाकताना मी नाकाला परकराचा सोगा धरायची आणि तोंडानं श्वास घ्यायची, तरी तो वास जिभेवर यायचा. लिहिताना आत्ताही आला.

परवा पुण्याला मुलाकडं गेले होते. सून कंपनीच्या कामानं बंगळूरला आणि हा घरी दोन पोरांपाशी. इमारतीच्या व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर यानं पोरांबरोबरचा फोटो टाकलेला, खाली 'आठवडाभर एकटा बाप', आणि त्याखाली शेजारणींचे हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे, डोळ्यात बदाम आलेले चेहरे. पाच मजल्यांवरून डबे आले होते. स्वयंपाकघरात गेले तर सिंकमध्ये डब्यांची चळत, एकात पनीरच्या रश्श्यावर लव आलेली. म्हटलं, हे काय रे? तर म्हणाला, "राहू दे गं आई, कुणाचा कुठला डबा ते मानसीला माहितीय, ती आली की बघेल." मला एकदम मोरीतला वास आला. शिकलेला, चष्मा लावलेला, पोरांना इंग्रजीत गोष्टी सांगणारा माझा मुलगा, आणि आतून निघाला तोच खुर्चीतला माणूस. मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं डबे घासले आणि स्वतः जाऊन दारोदार दिले एवढंच सांगते.

तर ती भांडी. एका दुपारी मला ते सहन होईना. बसूला झोळीत झोपवलं, चुलीतली राख आणि काथ्या घेतला आणि मोरीच्या कडेला भांडी ओढून बसले. पहिलंच नरसम्मांचं जर्मनचं पातेलं होतं. आतलं मी खरवडून काढलं. तेवढ्यात अप्पा आले. मला वाटलं शाबासकी देतील. त्यांनी माझं मनगट धरलं आणि काथ्या काढून घेतला. "ठेव ते. हात लावू नको कशाला." मी म्हटलं, "अप्पा, किडे पडलेत." तर म्हणाले, "पडू देत की. बघू दे तुझ्या आईला, बाई घर सोडून गेली की काय होतंय ते." रागानं नाही, साडीची घडी उलगडताना बोलायचे तसं समजुतीच्या सुरात बोलले. मग त्यांनी ते पातेलं उचलून पुन्हा चुलीपाशी, त्याच्या जागेवर नेऊन ठेवलं. तोवर मला वाटत होतं की आमच्या अप्पांना जमत नाही, पुरुषांना कळत नाही, काकू म्हणतात तसं. त्या दुपारी कळलं की त्यांना सगळं जमत होतं. ती घाण त्यांनी जपून ठेवली होती. किड्यांची किळस धुतल्यावर जाते, ही गेली नाही. त्यानंतर ते जवळ आले की मी अंग चोरायची, आणि पुढं मोठी झाल्यावरही त्यांच्या ताटातलं उष्टं मी कधी खाल्लं नाही.

अव्वा आली त्या दिवशी अप्पा खुर्चीवर बसूनच होते. "आलीस? बघ बाई, जित्ती ठेवलीत तुझी पोरं." ती उंबऱ्यातच थांबली. नाकाला पदर लावला. आत जाऊन एकदा चुलीकडं पाहिलं, एकदा मोरीकडं, आणि बसूला उचललं. लंगोट सोडला. आत मांड्या सोलून निघाल्या होत्या, लाल, ओल्या. मी दिवसा बदलत होते, पण संध्याकाळपासून सकाळपर्यंत तो अप्पांच्या अंथरुणात असायचा. धुतलेले लंगोट संपल्यावर त्यांनी कुठलं तरी पोतेरं गुंडाळलं होतं. अव्वानं कोमट पाणी केलं, त्याला धुतलं, खोबरेल लावलं, आणि तो रडून रडून झोपेपर्यंत त्याला उघडाच मांडीवर घेऊन बसली. बाहेर काकू येऊन अप्पांना म्हणत होत्या, "सुटलास बाबा आता. लई सोसलंस." अव्वानं ते ऐकलं. मी तिच्या तोंडाकडं पाहत होते. ती रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. बसू झोपल्यावर पदर खोचून ती मोरीत बसली आणि अंधार पडेपर्यंत घासत राहिली. मधेच एकदा भिंतीला धरून ओकली आणि पुन्हा बसली.

आता भांडी भरायची. मधला तो आठवडा तिला शिबिरानं दिलेल्या कामासाठी हवा होता, चिंध्यांच्या बाहुल्या करायच्या होत्या, पोरांना शिकवायच्या गोष्टी पाठ करायच्या होत्या. चिंध्या कोपऱ्यात पडून राहिल्या. ती शेंगा भाजत बसली, उखळात चटणी कुटत बसली. घरं कितीतरी, आणि एकेका घराची भांडी तीन-तीन. साखरेच्या चिमटीवर भागणार नव्हतं, कारण पंधरवडाभर खाल्लेलं सगळ्या गल्लीला तोंडपाठ होतं. अप्पा दारातल्या खुर्चीवरून बघत असायचे. "दुसऱ्या खेपेचं नाव काढू नको," असं ते त्याच गोड आवाजात म्हणाले. "हीच भांडी भरंस्तोर पावसाळा यील. परत तेवढीच झाली तर?" मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. घाणीनं जे जमलं नाही ते अप्पा भांड्यांनी करणार होते.

आठवडा संपत आला होता. अव्वा कुटत होती, मी दाणे पाखडत होते. काकू आल्या आणि उंबऱ्यात टेकल्या. "महादेवी, रागावू नको, पण आता पुरं की. तुझ्या मालकाचे हाल आमच्यानं बघवंनात. एक डाव झाली हौस." अप्पा लगेच म्हणाले, "मी कशाला नको म्हणू, काकू? पण तुमी थोर मानसं सांगताय, तेवढं तरी ऐकंल ती." उखळातला आवाज थांबला. अव्वाला फार राग आला की ती कानडीतला एकच शब्द बोलायची. "साकु," म्हणाली. पुरे. उठली, कुटलेली चटणी आमच्या बरणीत भरली, हात धुतले, आणि सगळी घासलेली भांडी टोपलीत रचायला लागली. मी चटणीची बरणी पुढं केली तर म्हणाली, "ती राहू दे. तू टोपलीला हात लाव."

पहिलं दार नरसम्मांचं. सुपात तेंदूची पानं घेऊन त्या विड्या वळत होत्या. अव्वानं तिन्ही भांडी त्यांच्यापुढं ठेवली. नरसम्मांनी सवयीनं झाकण उघडलं, आत पाहिलं, दुसरं उघडलं, आणि त्यांच्या हातातली विडी सुपात पडली. "कोन गेलं गे?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "बाळ बरं हाय न्हवं?" काकू आमच्या मागोमाग आल्या होत्या, समोरच्या वाड्यातल्या दोघीतिघी दारात उभ्या राहिल्या. अव्वा म्हणाली, "कोण न्हाय गेलं अक्का. मी करकंबला गेलते. बाई मेलेल्या घरात आणत्यात तसं तुमी माझ्या घरात जेवण आणलं. तेव्हा मला मेलेली धरली की. मग भांडी बी तशीच घ्या." ती ओरडली नाही. पुस्तक वाचल्यासारखं सरळ बोलली. मागं कुठं तरी माग चालू होता, तेवढाच आवाज. मग तिनं टोपली उचलली आणि पुढच्या दाराशी गेली. काकूंची भांडी तिनं काकूंच्या हातातच दिली.

घरी आलो तर अप्पा पहिल्यांदाच खुर्चीतून उठलेले होते. आवाजातला गोडवा पार गेला होता. "गल्लीत माझं नाक कापलंस. रिकामी भांडी दिलीस? लोक इचारतील, मी मेलो काय?" अव्वा पिशवीत चिंध्या भरत होती. "इचारलं तर न्हाय म्हणून सांगा," म्हणाली. मला हसू आलं आणि मी तोंड फिरवलं. त्यांनी तिला अडवलं नाही. अडवायला बघणारं कुणी लागतं, आणि गल्लीतली एकही बाई त्या संध्याकाळी नळावर आमच्या दाराकडं बघेना. दोन दिवसांनी ती एसटीत बसली, बाहुल्या वाटेत शिवणार होती. अप्पांनी दुसऱ्या दिवसापर्यंत दारात भांड्याची वाट पाहिली. एकही आलं नाही. मग घराला कुलूप लावून ते आम्हाला कुंभारीला आत्याकडं घेऊन गेले आणि तो सगळा पंधरवडा तिच्या ओसरीत बाजेवर काढला. आत्या रांधून वाढायची आणि भावाचं ऐकून कपाळाला हात लावायची. निदान बसूचे लंगोट ती धुवायची. अप्पा सुधारले वगैरे काही नाही. तशी गोष्ट मला लिहिता आली असती, पण ती खोटी झाली असती.

अव्वाला बालवाडी मिळाली. देवळाच्या मागच्या खोलीत तिनं ती कित्येक वर्षं चालवली. नरसम्मांची नातवंडंही तिच्याच हाताखाली अक्षरं गिरवून गेली. पण आमच्या दारात पुन्हा भांडं आलं नाही. वेळ अमावस्येच्या सणाला गल्लीत घरोघर बाजरीचे उंडे आणि भज्जी फिरायची, ती आमचं घर सोडून पुढं जायची. अव्वा करायची मात्र सवयीनं भरपूर, आणि आम्ही ते तीन दिवस खायचो. नळावर नरसम्मा बोलायच्या, पोरांबद्दल विचारायच्या, पण हात रिकामे. अव्वाला ते लागायचं. एकदाच मला म्हणाली होती, "बायांवर राग न्हवता गं माझा. पण दुसरं दारच न्हवतं."

अप्पा गेले तेव्हा मी सासरहून आले. त्या दिवशी चूल पेटली नव्हती. दुपारी दारात काठीचा आवाज आला. नरसम्मा, कमरेत वाकलेल्या, सुनेच्या हातात पातेलं, आणि पातेल्यात तोच चिंचेचा भात. मागून काकूंच्या सुनेचा डबा आला, मग समोरून खिचडी आली. इतक्या वर्षांनी भांडी आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. बायका अव्वाजवळ बसून अप्पांचं कौतुक करत होत्या. पोरांना एकट्यानं कसं सांभाळलं तेही निघालं. अव्वा ऐकत होती, मान हलवत होती. काही दिवसांनी भेटायला येणारी माणसं कमी झाली तशी ती उठली, शेंगा काढल्या, मंद आचेवर भाजल्या, आणि लसूण-तिखट घालून कुटायला बसली. मग घासलेली भांडी ओळीनं मांडली आणि एकेकात चटणी दाबून भरायला लागली, वर येईपर्यंत. मी तिचा हात धरला. "अव्वा, दुःखाच्या घरातनं भरून देत न्हाईत." ती म्हणाली, "ही आताची न्हवंत. तेव्हाची राहिलीत." आणि पातेलं माझ्या हातात दिलं.

नरसम्मांनी झाकण उघडलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून बोट घालून पाहिलं, बोट तोंडात घातलं. बराच वेळ चघळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला सांग, लई दिवस लावलंस गे."